नाव सांगितले तसे लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण चमत्कारिक नावांची एक यादी चटकदार शेऱ्यांसह छापली होती. मतदारयाद्या, निकालपत्रके आणि लग्नपत्रिका चाळून जमवलेली ती नावे वाचताना मीही दोन-तीन ठिकाणी हसलो, हे आधी कबूल करतो. मात्र त्या यादीतले तेविसावे नाव माझे आहे. ‘धोंडू’ या नावापुढे आपल्या लेखकाने “आईबापांनी कोणत्या जन्मीचा सूड उगवला असेल?” असा शेरा मारला आहे. माझ्या आईबापांनी सूड वगैरे काही उगवलेला नाही. ते नाव माझ्या आजीने ठेवले आणि ते का ठेवले हे मला नीट माहीत आहे. शिवाय पस्तीस वर्षे परळ-लालबाग भागातल्या एका मराठी शाळेत लिपिक म्हणून हजारो मुलांची नावे जनरल रजिस्टरात उतरवल्यामुळे इतरांच्या नावांबद्दलही दोन शब्द लिहिण्याइतका अधिकार मला असावा, असे वाटते.

माझा जन्म स्वातंत्र्याच्या दोन दिवस आधी, ऑगस्ट १९४७ मध्ये, परळच्या चाळीत झाला. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता आणि त्या अधिक महिन्याची अमावास्या १६ ऑगस्टला होती. म्हणजे सारा देश ज्या दिवसाची वाट पाहत होता तो पंधरा ऑगस्ट पंचांगाच्या हिशेबाने धोंड्याच्या महिन्यात पडला होता. वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्या दिवसांच्या वाऱ्याने त्यांनी माझे नाव ‘स्वराज’ असे मनाशी नक्की केले होते. आजीचे म्हणणे असे पडले की, ज्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण द्यायचे त्या महिन्यात घरात पोर आले आहे, तर ते धोंडूच. स्वराज्याचे काय ते सरकार बघून घेईल. बाराव्या दिवशी आत्याने पाळण्यात वाकून माझ्या कानात काय सांगितले हे तिलाच ठाऊक, पण आत्या आजीची लेक होती. त्याच पंधरवड्यात आमच्या चाळीत जन्मलेल्या दुसऱ्या एका मुलाचे नाव ‘आझाद’ ठेवले गेले आणि पुढे आम्ही दोघे शाळेत एकाच बाकावर बसलो.

अधिक महिना हे एक कारण झाले. याच्याही मागे एक जुने कारण आहे आणि ते दगडू, केरू, कचरू, भिकू, उकिरडा अशा सगळ्याच नावांना लागू पडते. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नवे मूल आले की त्याला क्षणभर केराच्या ढिगावर ठेवून उचलून घ्यायचे, किंवा शेजारणीच्या ओटीत टाकून तिच्याकडून ‘भीक’ म्हणून परत मागायचे, आणि मग त्याला असे ओंगळ नाव द्यायचे की दृष्ट लावणाऱ्याने, सटवाईने आणि खुद्द यमानेही ‘हे काय न्यायचे’ म्हणून पुढे जावे. दगड फुटत नाही, मरत नाही, कोणी चोरून नेत नाही. बंगालकडे हीच गोष्ट हिशेबाने केली जाई. दाईला किंवा शेजारणीला तीन, पाच किंवा सात कवड्या देऊन मूल ‘विकत’ घेत आणि त्याचे नाव तीनकोडी, पाचकोडी, सातकोडी असे ठेवीत. आपण ज्याला चमत्कारिक नाव म्हणतो ते पुष्कळदा आधीच्या दोन-तीन पाळण्यांचा हिशेब असते, आणि म्हणून असे नाव ठेवणाऱ्या आईला मुलाचा राग होता हे आपल्या लेखकाचे अनुमान नेमके उलटे आहे.

या नावांची माणसे पुढे काय होतात हेही जाता जाता सांगतो. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचून वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळवणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव. पुण्याला गेलेला प्रत्येक मुंबईकर ज्या गणपतीपुढे हात जोडतो त्याचे नावच दगडूशेठ हलवायाच्या नावावरून पडले आहे. तिथे रांगेत उभे असताना ‘दगडू’ या नावाला हसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण या पत्राचे मूळ कारण यादीपेक्षा ती चूक आहे.

१९७४ च्या जूनमध्ये एक गिरणी कामगार आपल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घालायला घेऊन आला. साताऱ्याकडचा माणूस, रात्रपाळी करून तसाच आलेला, अंगठा उठवणारा. जन्मदाखला नव्हता, त्या काळी बापाचे सांगणे आणि कारकुनाचे लिहिणे यांवर जन्मतारीख आणि नाव दोन्ही ठरत असे. मी नाव विचारले. तो म्हणाला, “केरबा.” मी पेन तसेच धरून बसलो. ‘धोंडू, धोंडू, डोक्यावर धोंडा’ हे मी सात इयत्ता ऐकले होते आणि माझ्या मनाने घेतले की या पोराच्या वाट्याला ते येऊ नये. बापाला न विचारता मी ‘किरण’ असे लिहिले, रजिस्टर मुख्याध्यापकांपुढे सहीला ठेवले, आणि काहीतरी पुण्यकर्म केल्याच्या समाधानात घरी गेलो. बापाला वाचता येत नव्हते. मुलाला वर्गात किरण म्हणून हाक मारू लागले तेव्हा शाळेत असेच काहीतरी असते असे त्याला वाटले असावे. असे मी आणखी सात-आठ मुलांच्या बाबतीत केले. दगडू होता त्याचा दिगंबर केला, भिकू होता त्याचा भास्कर. १९८२ च्या गिरणी संपानंतर जेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी रोज रांग लागू लागली आणि बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे गावी परतू लागली, तेव्हा मी बदललेली ही नावे माझ्याच हाताने दाखल्यांवर पुन्हा लिहून, शिक्का मारून, महाराष्ट्रभर पाठवून दिली.

२००३ साली पस्तीशीचा एक गृहस्थ माझ्या टेबलापुढे येऊन बसला. वडील वारले होते, गावच्या जमिनीला वारस म्हणून नाव लावायचे होते, आणि गावाकडच्या रेशनकार्डावर, ग्रामपंचायतीच्या नोंदीत आणि सगळ्या भाऊबंदांच्या तोंडी वारसाचे नाव केरबा होते. त्याच्या हातात मात्र होती ती दाखल्यापासून पॅनकार्डापर्यंतची सगळी कागदपत्रे किरणची. केरबा आणि किरण हा एकच इसम आहे हे त्याला सरकारपुढे सिद्ध करायचे होते. दाखल्याची मूळ नोंद पाहायला म्हणून मी १९७४ चे रजिस्टर काढले आणि माझे अक्षर ओळखले. त्याला सगळे सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, माझ्या आधीची तीन गेली होती. आजीने मला केरात ठेवून उचललं होतं. गावात सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून तर मला कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही.”

शाळा सोडून गेलेल्या माणसाचे नाव रजिस्टरात बदलणे शाळेच्या हाती राहत नाही. प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, त्या राजपत्राच्या प्रती जोडून एकेका खात्यात अर्ज करा, असा तो सगळा फेरा आहे. त्या वेळी राजपत्राचे काम आजच्यासारखे घरबसल्या होत नव्हते; चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात जावे लागे. रजा टाकून मी त्याच्याबरोबर गेलो. स्टेशनच्या पुलावरून खाली पाहिले तेव्हा लक्षात आले की, रुळांच्या कडेने चर्चगेटकडे जातो तो महर्षी कर्वे मार्ग आहे, म्हणजे एका धोंडोचाच. मला वाटले होते की, मुळात किरणच ठेवावे आणि गावचे कागद दुरुस्त करावेत असे तो म्हणेल. त्याने उलट केले. राजपत्रात ‘किरण’ हे जुने नाव आणि ‘केरबा’ हे नवीन नाव असे छापून आले. बायकोने महिनाभर अबोला धरला होता, असे त्याने पुढे एकदा हसत सांगितले.

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, मी एक पद्धत पाळली. नाव आईला विचारायचे, ती म्हणेल तसे लिहायचे, लिहिलेले तिला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच पुढच्या रकान्याकडे वळायचे. या पद्धतीने माझे काम वाढले आणि ज्ञानही वाढले, कारण नाव वाचून दाखवले की आई आपण होऊन त्याची कथा सांगते.

वारांची नावे घ्या. पालघर-डहाणूकडून आलेल्या वारली कुटुंबांत सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे मी लिहिली. हाक मारली की जन्मवार कळतो, पंचांग उघडायला नको. वारली चित्रकलेला जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हशे यांच्या वडिलांचे नाव त्यांच्या नावामागे असे वार घेऊनच उभे आहे. उत्तरेकडचे मंगरू आणि शनिचर, मुसलमानांतले जुम्मन, गोव्याकडचा दोमिंगो, ही सगळी एकाच जातीची नावे आहेत; दोमिंगो म्हणजे पोर्तुगीज भाषेत रविवार. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान निवडून आले तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत त्यांच्या नावावरून चहा-कॉफीचे विनोद झाले होते. घानामध्ये शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला कोफी म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळले. म्हणजे तो आपला शुक्र्याच. आणि सणावर ठेवलेली नावे तर याहून सोपी. नाताळात जन्मलेली नातालीना, ईस्टरला जन्मलेला पास्कोल आणि दिवाळीत जन्मलेली आमच्या कोकणातली दिवाळीबाई या तिघांना एका बाकावर बसवले तर त्यांना एकमेकांच्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मुंबईत ही ओळख पटायला वेळ लागतो याचे कारण इथे प्रत्येकाचे नाव दुसऱ्याच्या भाषेच्या कानाने ऐकले जाते. कोकणातून मुंबईत आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने शेकडो वर्षे आपल्या धर्मग्रंथांतली नावे मराठी वळणाने चालवली. सॅम्युअलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी आणि आयझॅकचा इसाजी. त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले प्रार्थनामंदिर मुंबईतले सगळ्यांत जुने समजले जाते. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि मशीद बंदर हे स्टेशनचे नाव त्यावरूनच आले, असे सांगतात. याच समाजातले इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांचे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा मला ते शुद्ध मराठी, आपल्या निस्सीम भक्तीतले वाटले होते. हिब्रूमध्ये त्याचा अर्थ ‘चमत्कार’, तोही अनेकवचनी, असा आहे. आपल्या यादीचा मथळा मला त्यामुळे पुन्हा आठवला, कारण चमत्कारिक नाव कोणाला म्हणायचे तर ते हेच.

आमच्या इमारतीत कपड्यांना इस्त्री करणारे गृहस्थ आझमगडचे आहेत आणि त्यांचे नाव तहसीलदार आहे. सोसायटीच्या नवीन चिटणीसांना त्यांनी पहिल्यांदा फोन करून “तहसीलदार बोलतोय” असे सांगितले तेव्हा चिटणीस खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उत्तर प्रदेश-बिहारात सुभेदार, जिलेदार, वकील, दरोगा (म्हणजे फौजदार) अशी नावे पूर्वापार ठेवली जातात. जमिनीचा तुकडा कोणाच्या नावावर चढणार हे ज्याच्या सहीवर ठरे, त्याच्या हुद्द्याची हाक निदान घरातल्या अंगणात तरी ऐकू यावी, एवढीच त्यात आशा असते. कधीकधी ती फळतेही. दरोगा प्रसाद राय १९७० साली बिहारचे मुख्यमंत्री झाले, म्हणजे नावातल्या दरोग्याच्या पुष्कळ वर गेले. कर्नाटकातल्या हक्की-पिक्की या एकेकाळच्या भटक्या जमातीत हायकोर्ट, ब्रिटिश, कॉफी अशी नावे सापडतात. गावाबाहेर पालात राहणाऱ्यांनी गावातल्या ज्या वस्तू आणि ज्या सत्ता दुरून पाहिल्या त्या आपल्या मुलांच्या नावांत आणून ठेवल्या, असे मी त्याचे स्पष्टीकरण करतो. ते चुकीचे असल्यास जाणकारांनी सुधारावे.

एखाद्या मोठ्या माणसावरून नाव ठेवण्याची रीत मात्र आपल्या लेखकालाही खटकलेली दिसत नाही, कारण ती नावे सवयीची झाली की त्यांचे मूळ कोणी शोधत नाही. तमिळनाडूत करुणानिधींना १ मार्च १९५३ रोजी मुलगा झाला; चारच दिवसांनी मॉस्कोत स्टॅलिन वारले आणि मुलाला त्यांचे नाव मिळाले. तो मुलगा २०२१ साली मुख्यमंत्री झाला. हे नाव आपल्याला विचित्र वाटते आणि रोहन वाटत नाही. सुनील गावसकरांनी १९७६ साली आपल्या मुलाचे नाव रोहन कन्हाय, एम. एल. जयसिंहा आणि गुंडप्पा विश्वनाथ या तीन खेळाडूंवरून रोहन जयविश्व असे ठेवले. यातले कन्हाय हे वेस्ट इंडीजकडून खेळणारे, गयानातले, ऊसमळ्यांवर मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशातले. म्हणजे आपल्याकडचा एक कन्हैया बोटीत बसून समुद्रापार गेला आणि दोन-तीन पिढ्यांनी क्रिकेटच्या बॅटवर बसून ताडदेवला परत आला. पुढच्या काही वर्षांत माझ्या रजिस्टरात रोहन इतके वाढले की शिक्षक ‘रोहन मोठा’ आणि ‘रोहन लहान’ अशा हाका मारू लागले. सचिन तेंडुलकरांचे नावही त्यांच्या वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले होते. पुढे ज्या मुलांना तेंडुलकरांवरून सचिन हे नाव मिळाले, त्या मुलांना आपल्या नावात एक संगीतकार बसला आहे याचा पत्ता बहुधा नसतो.

आजच्या नावांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्या विषयात माझी नजर म्हाताऱ्याची आहे. माझ्या पणतीच्या बालवर्गात तीन अयांश आहेत, दोन रियांश आहेत आणि एक कियांश आहे. मोबाईलवर या प्रत्येकाचा संस्कृत अर्थ मिळतो आणि दुसऱ्या ठिकाणी पाहिले तर दुसरा अर्थ मिळतो. पालकांनी कष्टाने वेगळे नाव शोधले आणि ते वर्गात तीनदा निघाले, यात आश्चर्य कोणाला वाटायचे? शेजारच्या मुलीला गेल्या वर्षी आर्द्रा नक्षत्रावर कन्या झाली आणि कु, घ, ङ, छ यांपैकी ‘छ’ हे अक्षर आले. (‘ङ’ ज्यांच्या वाट्याला येतो त्यांनी काय करावे हे ज्या त्या घरचे गुरुजी ठरवतात, कोणा बाळाला ‘ङ’ने हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही.) ‘छ’ची नावे विचारायला ती माझ्याकडे आली. मी रजिस्टरातली आठवून छबू, छबी, छाया, छकुली अशी सांगितली. तिला एकही पसंत पडले नाही. जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना कोरा ठेवता येतो, बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, हे मी तिला सांगितले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. दहाव्या महिन्यात तिने ‘छवी’ हे नाव नक्की केले. छबू म्हणजेच छवी, हे मी तिला सांगितलेले नाही.

एका नावापुढे मात्र माझा वरचा सगळा युक्तिवाद थांबतो आणि ते नाव आपल्या यादीत अठ्ठाविसावे होते. ‘नकोशी’, ‘नकुसा’. लागोपाठ मुली झाल्या की पुढची तरी मुलगी नको म्हणून हे नाव दिले जाई. ते केरबासारखे वाटते, पण त्याचा अर्थ नेमका उलट आहे. केरबा हे नाव मूल राहावे म्हणून ठेवलेले, तर नकोशी हे मूल यायला नको होते म्हणून ठेवलेले. आईच्या पदराआडून ‘नकुसा’ असे सांगितलेले नाव मी माझ्या नव्या पद्धतीने तसेच लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ती पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत होती. तेवढ्या एका वेळी मला माझी पद्धत आवडली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली आणि त्यांना नव्या नावांची प्रमाणपत्रे दिली. नवे नाव निवडण्यात मुलींचाच शब्द होता, ही त्यातली मला पटलेली गोष्ट. राजस्थान-हरियाणात ‘भतेरी’ (म्हणजे पुष्कळ झाल्या), ‘अंतिमा’ अशी नावे याच कारणाने ठेवतात. तिकडची अंतिम पंघाल २०२२ साली वीस वर्षांखालील गटात कुस्तीची जगज्जेती झाली, तो मान मिळवणारी पहिली भारतीय मुलगी. तिने नाव बदलले नाही. बदलायचे की ठेवायचे हे केरबाने ठरवावे, साताऱ्याच्या मुलींनी ठरवावे, अंतिमने ठरवावे. पेन ज्याच्या हातात आहे त्याने परस्पर ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते मी माझ्यावरूनच शिकलो.

हे आज लिहिण्याचे तातडीचे कारणही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नावही लागते, बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव. म्हणजे एकेका कागदावर तीन-तीन पहिली नावे आली आणि चुकायला तीन जागा झाल्या. माहेरी नकुसा असलेली, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले सासरचे नाव घेतलेली आणि कागदोपत्री अजून नकुसाच राहिलेली बाई आता आपल्या बाळाच्या दाखल्यासाठी खिडकीशी उभी राहील, तेव्हा पलीकडे बसलेला माणूस तिचे नाव कोणत्या आवाजात वाचतो याला फार महत्त्व आहे. त्यातून आधारकार्डावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. माझ्या एका ओळखपत्रावर कोणीतरी माझे नाव आधी इंग्रजीत घाईने टंकले, त्यातला ‘एच’ गाळला, आणि मग यंत्राने त्याचे मराठी करून ‘दोंदू’ असे छापले. माझ्या शरीरयष्टीकडे पाहता ते अगदीच निराधार आहे असे नाही, पण तो शब्द माझ्या आजीने उच्चारला नव्हता. दुरुस्तीसाठी मी तीन वेळा रांगेत उभा राहिलो. तिसऱ्या वेळी खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजोबा, एवीतेवी बदलताय तर चांगलं नाव घ्या ना.” तिच्या जागी मी १९७४ साली बसलो होतो, म्हणून मला तिच्यावर रागावता आले नाही.

आपल्याला विनंती दोन गोष्टींची आहे. पुन्हा अशी यादी छापायची झाल्यास त्यातल्या निदान दहा जणांना आधी फोन करून नाव कोणी ठेवले आणि का, हे विचारावे. शेऱ्यापेक्षा त्यांची उत्तरे वाचनीय होतील याची मी खात्री देतो. दुसरी विनंती या पत्रापुरती आहे. खालचे नाव लिहिले आहे तसेच छापावे. आपल्या मुद्रितशोधकांनी मागे एकदा माझ्या पत्राखाली ‘धुंडिराज’ असे दुरुस्त करून छापले होते आणि त्या दिवशी सकाळी इमारतीतल्या तिघांनी माझे नवीन नावाबद्दल अभिनंदन केले होते.

आपला,
धोंडू
(आडनाव मुद्दाम लिहिलेले नाही; पत्राचा विषय पहिले नाव हा आहे.)
निवृत्त शालेय लिपिक, लालबाग, मुंबई